बाळ जिथवर रांगेल तिथवर

आमच्या जव्हार तालुक्यातल्या पाड्यावर गरोदर बायांची बैठक एरवी अंगणवाडीतच होते. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांना सातवा महिना लागलेल्या एकीच्या घरी नेलं. कारण तिची थोरली मुलगी. तीन वर्षं पूर्ण, उंची 85 सेंटिमीटर. या वयात मुली साधारण 95 पर्यंत पोचतात.

"ताई, हिला मी कधी उपाशी ठेवलं नाही," आई म्हणाली. खरंच होतं ते. नागलीची भाकर, डाळ, घरची अंडी, सगळं मिळत होतं.

मी म्हटलं, सगळ्या खाली बसा. दहा महिन्यांचं बाळ जिथवर रांगेल तिथवर हाताला काय लागतं ते सांगा. उभ्यानं बघितलं तर जमीन छान सारवलेली होती. बसल्यावर एकेक दिसायला लागलं: कोंबड्यांच्या डालग्याकडेची वाळलेली शीट, चघळून टाकलेला भाकरीचा तुकडा, दारामागे जावेच्या तान्ह्याची शी पुसलेलं फडकं.

"तान्ह्याची शी कुठं घाण असते!" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तिच्यातही रोगाचे जंतू असतात. ती संडासातच टाकायची आणि साबणानं हात धुवायचे."

ही घाण बाळाच्या तोंडात जात राहिली, तर जुलाब झाले नाहीत तरी आतडं आतून सुजलेलं राहू शकतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, हे मी समजावलं. पण हात धुतले की मूल उंच होईल, असं वचन मी कुणाला देत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या संडासानं आणि हात धुण्यानं मुलांची उंची वाढली नव्हती. म्हणून स्वच्छता सोडायची, हे मात्र मला अजिबात पटत नाही. बांगलादेशात जुलाब तरी कमी झालेच. आईचं खाणं, लोहाच्या गोळ्या, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि त्याच्या जोडीला ही जमीन स्वच्छ, असं सगळं मिळून हवं.

खरा वाद झाला तो कोंबड्यांवरून. "बाहेर ठेवल्या तर रानमांजर नेईल, मग अंडी कुठली?" आजींचा मुद्दा चोख होता. शेवटी सासऱ्यांनी भिंतीलगत बांबूचं उंच खुराडं बांधायचं कबूल केलं.

दिवाळीनंतर हे कुटुंब वीटभट्टीवर जाणार. बाळ बसायला, रांगायला लागेल ते तिथेच, विटांच्या धुळीत. भट्टीवर संडास आणि पुरेसं पाणी देणं मालकाचं काम आहे, बाळंतिणीचं नव्हे. हे मी प्रत्येक बैठकीत बोलते. तोवर धुता येईल अशी चटई, साबण आणि बाळाचं लसीचं कार्ड बोचक्यात सगळ्यात वर ठेवायचं, आणि पोचल्यावर आधी तिथल्या अंगणवाडीत नाव घालायचं, असं तिच्याशी ठरलंय.