चमचाभर म्हणजे नेमकं किती?

रात्री दीडला बारक्याला ताप आला, त्यात सोलापूरचा मे महिना, सगळ्यांचंच अंग तापलेलं त्यामुळं आधी कळलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "दे की गं चमचाभर सिरप." पण कुठला चमचा? सकाळी मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणली अन् घरातले चमचे पाण्यानं मोजले, चहाचा साडेतीन एमएल, पोह्यांचा आठ! चिठ्ठीवर 5 होतं. आणि पॅरासिटामॉलच्या बाटल्या बघा, एकीत 5 एमएलला 120 एमजी, दुसरीत 250, म्हणजे बाटली बदलली की डोस डबल, म्हणून आकडा वाचूनच घ्यायचा. आता सिरिंजमधला बुडबुडा काढते, गालाच्या आतून हळूहळू सोडते. तरी निम्मं औषध थुंकतोच मेला, चादरीवर गुलाबी डाग पडलेत.