नानांच्या ब्रेन ट्युमरचं ऑपरेशन योजनेत झालं, पण बाकीचा खर्च?

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या टायमाला नाना सारखं म्हणायचे, "डोकं भलतं दुखस रे भाऊ". आम्ही उन्हाचं समजून गोळ्या देत राहिलो. मग एक दिवस हातातला चहाचा कप पडला अन् उजवा हात उचलेचना. जळगावला एमआरआय काढला, मेंदूत गाठ निघाली.

पहिल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात 3.5 लाख सांगितले, त्यातले 50 हजार आजच भरा म्हणे. बायकोने पोत मोडायला काढलीच होती, तेवढ्यात भुसावळहून मेव्हण्याचा फोन आला, एक रुपया भरू नको, आधी सरकारच्या फुकट उपचाराच्या महात्मा फुले योजनेतलं हॉस्पिटल शोध. योजनेच्या 155388 वर फोन लावला, नावं मिळाली. तिथं आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसतो, त्याला रेशनकार्ड-आधार दाखवलं की तोच पुढं मंजुरीला पाठवतो, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार बसतो. पण रेशनकार्डावर नाना 'भिका' अन् आधारवर 'भिकन'! एका 'न'साठी दोन दिवस तहसीलच्या पुरवठा शाखेत काढले, इकडे नानांना झटके येत होते. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही, म्हणून सांगतो, घरातल्या सगळ्यांची कार्डं आजच जुळवून बघा.

ऑपरेशनचा पैसा लागला नाही. खरा खर्च नंतर सुरू झाला. गाठ कॅन्सरची निघाली, मुंबईला 30 शेक सांगितले, म्हणजे रेडिएशन, शनिवार-रविवार बंद, त्यामुळे सहा आठवडे तिथंच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं, नाहीतर भाड्यातच मेलो असतो. रेल्वेचं पण विचारून घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट फुकट अन् सोबतच्याला 75 टक्के सूट, फक्त हॉस्पिटलचा फॉर्म सही-शिक्क्याचा लागतो. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

पण जेवण, टॅक्सी, झटक्याच्या गोळ्या, आधी काढलेला एमआरआय हे कुठंच बसलं नाही. माझी मजुरी बुडाली ती वेगळीच, अन् कापूस दुसऱ्यांकडून वेचून घेतला तर अर्धे पैसे वेचणीतच गेले.

आता दर तीन महिन्यांनी एमआरआय असतो. नाना हळूहळू चालतात, चहाचा कप डाव्या हातात धरतात.