खोडलेले सात शब्द

मुद्रितशोधनात आयुष्य गेलं माझं. दुसऱ्याच्या मजकुरातले शब्द कापताना हात थरथरत नाही. पण ज्याचे कापले तो आठ-आठ दिवस बोलत नाही, हेही पाहिलंय. म्हणून इंडोनेशियाच्या राज्यघटनेबद्दल वाचताना माझी नजर खोडलेल्या ओळीवरच अडकली.

22 जून 1945. देश अजून जपान्यांच्या ताब्यात. नऊ जणांची समिती, त्यात मारामिस हे एकटे ख्रिस्ती. या समितीने केलेल्या घटनेच्या उद्देशिकेच्या मसुद्याला पुढे 'जकार्ता सनद' म्हणू लागले. तिच्यात ईश्वरावरच्या श्रद्धेला जोडून सात शब्द होते. मी मराठी करून पाहिलं: 'इस्लामच्या अनुयायांवर शरियतीचं पालन करण्याचं बंधन ठेवून'. मोजा, आपल्याकडेही सातच भरतात.

17 ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली. सुकार्नोंच्या जोडीने ती घोषणा करणारे नेते मोहम्मद हट्टा यांनी लिहून ठेवलंय की त्याच संध्याकाळी एक जपानी नौदल अधिकारी त्यांच्याकडे निरोप घेऊन आला: हे शब्द राहणार असतील, तर पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती या देशात राहायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, घटना मंजूर करायची बैठक भरण्याआधी हट्टा मुस्लिम नेत्यांशी बोलले. पंधरा मिनिटांच्या आत विषय मिटला म्हणे. सात शब्द गेले, त्यांच्या जागी तीन आले: 'यांग महा एसा', म्हणजे एकमेव. (त्यातला 'महा' आपल्या ओळखीचा.) राष्ट्राध्यक्ष मुसलमानच हवा, ही अटही गेली.

सगळ्यांत जड गेलं ते मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेचे नेते की बागुस हादिकुसुमो यांना. त्यावर पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोंचं सांगणं असं, की ही घाईघाईतली, तात्पुरती घटना आहे. स्थिरस्थावर झालं की नीट करू. 'पुढच्या आवृत्तीत घेऊ' हे वाक्य मी किती लेखकांच्या तोंडावर फेकलंय!

पुढच्या आवृत्तीच्या कामाला बसायलाच अकरा वर्षं लागली. मधे 1949 आणि 1950 च्या दोन घटना येऊन गेल्या. 1955 च्या निवडणुकीतून आलेली घटना समिती नोव्हेंबर 1956 मध्ये बांडुंगला बसली, तेव्हा की बागुस हयात नव्हते. 1954 मध्येच गेले. समितीचं मानवी हक्कांसकट पुष्कळ बाबतींत जमलं होतं, हे लोक विसरतात. अडलं ते राज्याच्या पायावर. 29 मे 1959 ला ते सात शब्द परत घ्यावेत का, यावर मतदान झालं: बाजूने 201, विरुद्ध 265. मग 1945 चीच घटना जशीच्या तशी घ्यावी म्हटलं, तर 269 विरुद्ध 199. मंजुरीला लागणारी दोन-तृतीयांश मतं तिथेही नाहीत.

5 जुलैला सुकार्नोंनी फर्मान काढून समितीच मोडली आणि 1945 ची घटना परत आणली. कामाला लागलेल्या माणसांच्या हातातून प्रूफं ओढून घ्यावीत तसं ते. मला तरी पटत नाही.

पण फर्मानाचा मजकूर मी दोनदा वाचला. सात शब्द घटनेत परत घेतलेले नाहीत, आणि पुरते टाकलेलेही नाहीत. जकार्ता सनद या घटनेला 'मेंजिवाई' करते, म्हणजे तिच्यात प्राण भरते, असं त्यात म्हटलंय. शब्दातला 'जिवा' म्हणजे आपलाच 'जीव'. समासात पेन्सिलीने लिहून ठेवावं, तसं.