‘हो’वर टिक केल्यावर: पुण्यात काम शोधण्याचा माझा अनुभव

माझ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 326 खाली गुन्हा सिद्ध झाला आणि दोन वर्षांची शिक्षा लागली. विसर्जन मिरवणुकीतली मारामारी होती, समोरच्याचा हात मोडला आणि रॉड माझ्या हातात होता. बाकी सगळं निकालपत्रात आहे, इथे उगाळत बसत नाही. खटला चालू असताना आत काढलेले महिने शिक्षेतून वजा झाले, उरलेले येरवड्यात काढले. सुटलो तेव्हा हातात आयटीआयचं मशिनिस्टचं सर्टिफिकेट होतं, सीएनसी टर्निंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचा, आधीचा अनुभव होता आणि बायोडेटात मधली वर्षं कोरी होती.

घरी पहिला सल्ला मिळाला तो मामाचा. “सांगूच नको. कुणाला काय कळतंय?” मामाच्या काळात ते खरंही असेल. आता ई-कोर्टच्या साइटवर नाव, वर्ष आणि कोर्ट टाकलं की खटल्याची नोंद कुणालाही दिसते, बऱ्याचदा निकालाची प्रतही मिळते. मोठ्या कंपन्या हे काम व्हेरिफिकेशन एजन्सीला देतात आणि ती पोरं दिवसभर हेच करत असतात.

चाकणच्या एका प्लांटमध्ये ठेकेदारामार्फत माझी निवड झाली होती. जॉइनिंग फॉर्मवर विचारलं होतं, कधी कोर्टाने दोषी ठरवलं आहे का? मी ‘हो’वर टिक केली. फॉर्म गोळा करणारा मुलगा हळूच म्हणाला, “दादा, ‘नाही’ करा ना. सगळे तेच करतात.” मी तसंच ठेवलं. मग काही दिवसांनी फोन आला की प्रोफाइल होल्डवर आहे. होल्ड म्हणजे काय हे ज्यांनी नोकरी शोधली आहे त्यांना सांगायला नको.

तरीही ‘हो’च का लिहायचं? कारण ‘नाही’ लिहून आत शिरलात आणि नंतर उघड झालं, तर काढून टाकायला खोटं बोलणं एवढं एकच कारण पुरतं. सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात हे नीट मांडलं आहे. माहिती लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. किरकोळ प्रकरण असेल तर मालकाला सोडून देता येतं. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही नाही. खासगी कंपनीत तर ‘हा प्रश्न विचारू नका’ असं सांगणारा कायदाच आपल्याकडे नाही.

फक्त प्रश्न नीट वाचा. ‘गुन्हा दाखल झाला आहे का’, ‘खटला प्रलंबित आहे का’ आणि ‘शिक्षा झाली आहे का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या गल्लीतला एक जण निर्दोष सुटलेला, तरी घाबरून शिक्षेच्या रकान्यात ‘हो’ लिहून आला. ज्यांना कोर्टाने 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली बाँडवर सोडलं, त्यांनी त्या कायद्याचं कलम 12 वकिलाकडून समजून घ्यावं, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्यांना लागत नाही. अल्पवयीन असताना केस झाली असेल तर बाल न्याय कायद्याचं अपात्रतेबद्दलचं कलम 24 बघा. माझ्या कामाचं यातलं एकही नव्हतं.

दुसरा सल्ला सगळेच देतात, सिक्युरिटीत जा, तिथे कुणालाही घेतात. घेत नाहीत. खासगी सुरक्षा एजन्सीचा 2005 चा कायदा आहे आणि शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून ठेवता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. काही एजन्सीवाले युनिफॉर्मचे पैसे आधी घेतात आणि पोलीस पडताळणीला नंतर पाठवतात. तिथे पैसे अडकवू नका.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मात्र दुसऱ्याच्या गुन्ह्याने. माझं नाव-आडनाव पुणे जिल्ह्यात पैशाला पासरी. एका कंपनीच्या एचआर मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, “तुम्ही 326 सांगितलंत, पण यात चोरीचा पण दिसतोय. 379. तो का लपवलात?” तो गुन्हा दुसऱ्या तालुक्यातला, माणूस दुसरा, वडिलांचं नाव दुसरं. मी सांगत राहिलो, त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. एवढं खरं सांगूनही खोटारडा ठरून बाहेर पडलो, त्या दिवशी कुठलाही अर्ज नको वाटला. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात झुणका-भाकर खाल्ली आणि घरी जाऊन झोपलो.

यावर उपाय सापडला तो शिवाजीनगर कोर्टात. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. तिथल्या वकील ताईंनी दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. माझ्या खटल्याचा आणि त्या चोरीच्या खटल्याचा, दोन्ही नंबर एका कागदावर लिहायचे, समोर पोलीस स्टेशन, आरोपीचा पत्ता, वडिलांचं नाव. सोबत माझं आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला. समोरच्याला दोन मिनिटांत ताडून बघता येतं.

दुसरी, निकालाची नक्कल. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, हेलपाटे झाले, पण सही-शिक्क्याची प्रत मिळाली. निकाल मराठीत होता हे नशीब. शिक्षेच्या परिच्छेदात ‘आरोपीविरुद्ध पूर्वी कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही’ असं न्यायाधीशांनीच लिहिलं होतं. मी तोंडाने शंभरदा सांगितलं असतं तरी त्याला ते वजन आलं नसतं. ताईंनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. सुटकेचा दाखला आणि दंड भरल्याची पावती मी त्याला जोडली.

मग मोठ्या गेटांचा नाद सोडला आणि भोसरी एमआयडीसी धरली. जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक, गल्लीगल्लीत शटरवर ‘टर्नर पाहिजे’, ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ अशा पाट्या चिकटवलेल्या असतात. फॉर्म नसतो, एचआर नसतो, मालक स्वतः मशीनवर असतो. इथे मी क्रम बदलला. आधी ट्रायल, मग कागद. कागद आधी पुढे केला की मशीनला हात लावायची वेळच येत नाही, हे दोन-चार शटरवर बघून झालं होतं.

एका शेठनी बुशचं, म्हणजे पोकळ नळीसारख्या पार्टचं, ड्रॉइंग हातात दिलं. बोअर (आतलं भोक) 25 एच7, म्हणजे 25 मिलिमीटरवर शून्य ते प्लस 21 मायक्रॉन एवढीच सूट, त्याबाहेर गेला की रिजेक्ट. पहिला जॉब (पार्ट) मुद्दाम कमी साइजला ठेवला, बोअर गेजने मोजला, राहिलेला फरक ऑफसेट म्हणून मशीनला दिला. फिनिशवर रेघा दिसत होत्या. कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजलं होतं. “शेठ, इन्सर्ट गेलाय, नवीन द्या,” म्हटलं. त्यांनी काही न बोलता ड्रॉवर उघडला. पुढचे जॉब गेजमध्ये बसले.

पगाराचं बोलणं निघायच्या आत मी फाइल पुढे केली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेन्सिलची रेघ असलेलं पान वाचलं.

“ज्याला मारलंस तो कुठंय आता?”

“धायरीला. हात चालतो त्याचा.”

“इथं पोरांत वाजलं तर?”

“मशीन बंद करून तुमच्याकडे येईन.”

“ॲडव्हान्स मागशील का?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यांचं खरं दुखणं तेच होतं. आधीचा ऑपरेटर उचल घेऊन गावाला गेला तो परत फिरकलाच नव्हता. “सहा महिने ॲडव्हान्स नाही. कबूल असेल तर सोमवारी ये, सकाळची शिफ्ट.”

पगार आधीपेक्षा कमी ठरला. शॉपमध्ये दहाच्या आत माणसं, त्यामुळे ईएसआय नाही आणि पीएफही नाही. ओटी (ओव्हरटाइम) मात्र रोख मिळतो. मधली कोरी वर्षं भरून काढायला अनुभवाचं पत्र लागतं आणि ते लेटरहेडवर द्यायचं शेठनी कबूल केलं आहे, यावर मी सध्या खूश आहे.

एक अडचण उरलीच आहे. आमचा माल ज्या कंपनीत जातो तिथे गेटपासला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. राहायला भोसरीत आलो, म्हणजे आता पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, आणि गुन्हा पुणे शहरातला. ऑनलाइन अर्ज केला आहे, पोलीस स्टेशनला कागद दाखवून झाले. दाखल्यावर केसची नोंद येणारच, ती बघून गेटवाले काय करतात ते त्यांच्यावर आहे. तोवर टेम्पोबरोबर दुसरा मुलगा जातो आणि त्याची मशीन मी बघतो, म्हणजे दोन मशीन एकाच वेळी. याचे वेगळे पैसे मागायचे ठरवलं आहे, सहा महिने होऊ देत.