अल्टोची फुटलेली काच घरीच बदलली – माझा अनुभव

सोसायटीत गवत कापायचं मशीन चालू होतं, त्याच्या पात्याखालून एक खडा उडाला आणि आमच्या अल्टोच्या पुढच्या डाव्या दाराची काच गेली. दाराची काच टफन्ड असते, तिला तडा वगैरे जात नाही, एका क्षणात अख्खीचा चुरा होतो. सीटवर, मॅटवर, सगळीकडे खडीसाखरेएवढे तुकडे.

इन्शुरन्स होता पण क्लेम केला असता तर ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गेला असता, एवढ्याशा कामासाठी ते परवडत नाही. गॅरेजमध्ये २८०० सांगितले. म्हटलं आपणच करून बघू, आणि कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, तिथे जुन्या पार्ट्सची दुकानं आहेत, ६५० मध्ये काच मिळाली. घेताना दोन गोष्टी बघा, कोपऱ्यातला आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का आणि चारही कडा. ही काच मधून दणकट असते पण कडेला ठोकर बसली की संपलं, म्हणून मी जुन्या चादरीत गुंडाळून दुपारच्या रिकाम्या लोकलने डोंबिवलीपर्यंत मांडीवर धरून आणली.

रविवारी सकाळी बाबा आणि मी बसलो. आधी काच फिरवायचं हँडल. त्याच्या मागे स्प्रिंगचं लॉक असतं, फडक्याची पट्टी मागून घालून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली की ते टप्पकन उडतं, कुठे पडलं ते लगेच बघून ठेवा. मग स्क्रू काढून डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं कव्हर, खालून हळूहळू सोडवलं, एक क्लिप तुटलीच. आतलं प्लास्टिक काळ्या गमने चिकटवलेलं असतं, ते फाडू नका, पावसाचं पाणी तेच अडवतं.

खरं काम यानंतर. अर्धी काच दाराच्या पोटात पडलेली असते. मला वाटलं व्हॅक्यूम मारला की झालं, पण बाबा म्हणाले, "थांब रे, घाई नको करूस, बॅटरी धर इकडे." बघतो तर दाराच्या तळाला पाणी जायची जी भोकं असतात ती तुकड्यांनी पार बुजलेली, तशीच राहिली असती तर पाणी साचून दार आतून गंजलं असतं. बाबांनी सायकलच्या स्पोकने एकेक भोक मोकळं केलं. काच ज्या रबरात सरकते त्या खाचेतही बारीक कण होते, ते ब्रशने काढले नाहीत तर नवीन काचेवर पहिल्याच दिवशी ओरखडे. दीड तास फक्त यात गेला आणि तो गेलाच पाहिजे. हातमोजे घाला, पायात बूट घाला.

बसवणं त्यामानाने सोपं. काच पुढून तिरकी करून वरून आत सोडायची, बाबांनी वरून धरली, मी खालून काच वरखाली करणाऱ्या मशीनच्या पट्टीला लावली. दोन्ही बोल्ट दहाच्या गोटीने (सॉकेट पान्याने) आधी ढिलेच ठेवले, काच पूर्ण वर घेऊन रबरात नीट बसू दिली आणि मगच आवळले. आधीच आवळले तर काच वाकडी चालते आणि हँडल जड होतं. चार-पाच वेळा वरखाली करून मग पॅड लावलं.

त्या रात्री जोरात पाऊस झाला. सकाळी बाबा माझ्या आधी खाली गेले होते, मॅटखाली हात घालून बघत होते. "कोरडं आहे," म्हणाले, आणि सीटच्या रुळात सापडलेला काचेचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.