व्हीसीडी वाचवा मोहीम : रद्दीतले मराठी पिक्चर, थोडं टेक्निकल आणि बरीच बडबड

मंडळी, व्हीसीडी (साध्या सीडीवर बसवलेला पिक्चर, डीव्हीडीच्या आधीचा प्रकार) उतरवायचं काम पुढे सरकलंय, म्हणून हे अपडेट. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पुण्याच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या सीडी लायब्रऱ्यांमधून आणि ओळखीच्या रद्दीवाल्याकडून जमवलेल्या मराठी पिक्चरच्या व्हीसीडी-डीव्हीडी मी एकेक करून हार्ड डिस्कवर घेतोय, आणि घेतल्यावर पिक्चर अख्खा बघायचाच असा नियम ठेवलाय, त्यामुळे काम रेंगाळतंय पण मजा येतेय. लोक विचारतात की यूट्यूबवर एचडीमध्ये असताना हे उपद्व्याप कशाला. त्याचं उत्तर पुढे येईलच, पण आत्ताच सांगून ठेवतो, माझ्याकडच्या दोन-तीन पिक्चरची सगळ्यात खरी प्रत ही ती धूसर, ठोकळे दिसणारी व्हीसीडीच निघालीये.

या वेळी जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलो, दहा वाजले की चांगला माल गेलेला असतो. मोझर बेअर या डिस्क कंपनीची कव्हरं अजूनही ढिगाने मिळतात. २००७ च्या आसपास त्यांनी ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती, पायरेटेडवाल्याच्या रेटमध्ये ओरिजिनल, म्हणून घराघरात ती पोचली आणि आता घराघरातून रद्दीत येतेय. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, माल मात्र जिवंत आहे. मुंबईवाल्यांना ऱ्हिदम हाऊसची आठवण येत असेल, ते २०१६ ला बंद झालं, तेव्हापासून दुकानात उभं राहून डिस्क निवडणं हा प्रकार आपल्याकडे जवळपास संपलाच.

डिस्क घेताना एक करा, चमकणारी बाजू बघत बसू नका, आधी छापील बाजू बघा. व्हीसीडीत ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा, त्यामुळे त्या बाजूला नखाने ओरखडा गेला तरी डेटा गेला, कायमचा. खालच्या बाजूचा स्क्रॅच मात्र प्लास्टिकवर असतो, तो बऱ्याचदा निभावतो. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकच्या मधे दाबलेला असतो म्हणून ती जास्त टिकते. मी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरतो, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले की तिथला थर उडालाय समजायचं. आणि पुसताना चष्म्याचा कपडा मधून बाहेर, सरळ रेषेत, गोल गोल अजिबात नाही, कारण डेटा गोल फिरत जातो आणि त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग बराच भाग जातो. टूथपेस्टचे प्रयोग ज्यांना करायचेत त्यांनी आपापल्या डिस्कवर करावेत.

आता उतरवण्याबद्दल. व्हीसीडी कॉम्प्युटरला लावली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात मोठ्या डॅट फायली. साधी कॉपी-पेस्ट करायला गेलं की अर्ध्यात एरर येते आणि लोकांना वाटतं डिस्क खराब आहे, नेहमी तसं नसतं. व्हीसीडीचा व्हिडिओ ज्या सेक्टरमध्ये असतो त्यात २०४८ ऐवजी २३२४ बाइट कोंबलेले असतात, आणि ती जादा जागा मिळवायला चुका दुरुस्त करायची एक पूर्ण पातळी काढून टाकलेली आहे. म्हणजे ६५० एमबीच्या सीडीत ७४ मिनिटं बसतात ती या जुगाडामुळे, आणि थोडासा ओरखडा पडला की ठोकळे नाचतात तेही याच जुगाडामुळे. म्हणून साधी कॉपी न करता व्हीसीडी समजणारं टूल वापरा, ड्राइव्हचा स्पीड कमी करा, आणि एका ड्राइव्हने रीड केली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाका. माझ्या जुन्या डेस्कटॉपचा रायटर नव्या यूएसबी ड्राइव्हपेक्षा कितीतरी जास्त डिस्क उचलतो.

उंबरठा. १९८२ चा, जब्बार पटेलांचा, स्मिता पाटील. पिक्चरबद्दल काय बोलणार, सुलभा घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते आणि पिक्चर एकदाही तिच्या वतीने माफी मागत नाही, हे आजही लोकांना पचत नाही. मी बोलणार आहे सुराबद्दल. सुन्या सुन्या मैफिलीत लागलं आणि लताबाईंचा आवाज जरा पातळ वाटला. गाण्याची ऑडिओ प्रत शेजारी लावली तर व्हीसीडीवाली पुढे पळायला लागली. भानगड अशी की पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमने आणि आपल्या टीव्हीची पाल सिस्टिम चालते २५ ने, तर बऱ्याच ट्रान्सफरवाल्यांनी सरळ २४ चे २५ करून टाकलेत, त्यामुळे पिक्चर ४ टक्के जलद पळतो. दोन तासांचा पिक्चर पावणेपाच मिनिटं आधी संपतो त्याचं एक वेळ सोडा, पण सूर वर चढतो, आणि तोही धड पेटीच्या पुढच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, मधेच लटकतो. ज्याला थोडाफार कान आहे त्याला हे छळतं. उपाय सोपा आहे, व्हिडिओ परत २४ वर आणायचा आणि ऑडिओ त्याच प्रमाणात हळू करायचा, फक्त 'पिच कायम ठेवा' वाला ऑप्शन बंद करायला विसरू नका नाहीतर सगळं मुसळ केरात. पण आधी खात्री करा, सगळ्या डिस्क अशा नसतात, उगाच चांगल्या प्रतीचा सूर खाली पाडाल.

कुंकू. प्रभात, १९३७, व्ही. शांताराम. शांता आपटे आणि केशवराव दाते. हा पिक्चर ज्यांनी बघितला नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आधी बघा मग बोलू. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायला साफ नकार देते, १९३७ मध्ये, आणि रडून नाही तर अंगावर धावून जाऊन. पण डिस्कच्या अंगाने मुद्दा वेगळाच आहे. या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, घड्याळ, भांडी, दार, ग्रामोफोन. आता १९३७ चा साउंड म्हणजे मागे सतत खरखर असणारच, आणि आजकालचे उत्साही लोक काय करतात, नॉइज रिडक्शन मारतात. मी पण एका प्रतीवर टेस्ट म्हणून लावून पाहिलं. खरखर गेली, बरोबर घड्याळाची टिकटिकही गेली आणि माणसं पाण्याखाली बोलतायत असं वाटायला लागलं. ज्या पिक्चरने संगीत काढून टाकून घराचे आवाज ठेवले त्या पिक्चरमधून घराचेच आवाज पुसायचे, कमाल आहे. तर खरखर राहू दे. पाच मिनिटांत कान सरावतो.

संत तुकाराम. दामले-फत्तेलाल, १९३६, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. इथे यूट्यूबचा प्रश्न येतो. मला सापडलेली एक चकचकीत अपलोड प्रत टीव्हीची पूर्ण स्क्रीन भरून दिसते, म्हणून खाली लोक खूश. अरे पण तो पिक्चर जवळपास चौकोनी आहे ना, १.३७ ला १. तो १६ बाय ९ मध्ये भरायचा तर वरून-खालून मिळून पाव भागाच्या जवळ चित्र कापावं लागतं. तुकाराम झालेले पागनीस मांडी घालून भजन करतायत आणि कपाळाच्या वर काही नाही. माझी व्हीसीडी ३५२ बाय २८८ ची, चेहऱ्याच्या कडा धूसर, पण चौकट पूर्ण, वर आकाश आहे, खाली जमीन आहे, कॅमेरा लावणाऱ्याने जे ठरवलं ते सगळं आहे. मी ही घेईन, दहा वेळा घेईन. आणि जाता जाता, तुकारामांइतकाच हा पिक्चर जिजाईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवलीचा आहे. गौरीने केलेली ती आवली, पोरगं आजारी पडल्यावर चप्पल घेऊन थेट विठोबाकडे जाते, तिचा राग इतका खरा आहे की संतपटाचा सगळा सोवळेपणा उतरतो. नंतरच्या कित्येक संतपटांना ही बाई सापडलीच नाही म्हणून ते कॅलेंडर झाले.

धडाकेबाज. हसू नका. महेश कोठारेंचा १९९० चा, सिनेमास्कोपमध्ये केलेला, कवट्या महाकाळ आणि बाटलीतला गंगाराम. मराठी पिक्चरला बजेट नसताना हा माणूस पडदा रुंद करायला निघाला याचं मला आजही कौतुक आहे. आणि माझ्या व्हीसीडीवर त्याची काय अवस्था, तर चित्राच्या दोन्ही बाजू छाटलेल्या. २.३५ रुंदीचा पिक्चर जुन्या टीव्हीच्या चौकोनात पूर्ण भरायचा तर ४३ टक्के चित्र फेकावं लागतं. एका कडेला लक्ष्या, दुसऱ्या कडेला दुसरा कोणी, आणि मधे रिकाम्या भिंतीचा क्लोजअप. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र दिलं असतं तर २८८ मधल्या जेमतेम १६३ ओळी हाती राहिल्या असत्या, म्हणून त्या काळात असं का करत ते समजतं, पण समजलं म्हणून आवडलं असं नाही. याची पट्ट्यांवाली प्रत कोणाकडे असेल तर मी प्रवास करून बघायला येईन, चहा माझ्याकडून.

सिंहासन. १९७९. यावर एआयवाला अपस्केल (मशीनने चित्र मोठं आणि स्पष्ट करणं) करून बघ म्हणून एका मित्राने मागे लागून लागून करायला लावलं. त्याचं म्हणणं असं की आता सगळंच फोर केमध्ये होतं. केलं बाबा. लांबून जरा बरं दिसतं, कबूल. जवळ गेलात की डॉ. लागूंच्या चेहऱ्यावर कोण्या तिसऱ्याच माणसाचे डोळे, कारण व्हीसीडीत अख्ख्या डोळ्याला पाच-सहा पिक्सेल, बाकीचं मशीन मनाने रंगवतं. शेवटी निळूभाऊंचा दिगू टिपणीस कोसळतो, तो वेडा हसणारा चेहरा, तिथे मशीनने एकसारखे पांढरेशुभ्र दात बसवले. निळू फुलेंना! ती फाइल तिथेच डिलीट. मूळ एमपीईजी आहे तशी ठेवायची, बघताना प्लेअरने मोठी करायची ती करू दे, हा आपला नियम आता पक्का. पिक्चरचं बोलायचं तर तेंडुलकरांची पटकथा, पात्रांची गर्दी आणि कोणीच स्वच्छ नाही, तरी एकदाही गोंधळ होत नाही. मुख्यमंत्री कमी बोलतात आणि समोरचे घाबरतात, त्या खोल्यांमधली ती शांतता मला आजच्या राजकीय वेबसिरीजमध्ये कुठे दिसत नाही, तिथे सगळे ओरडतातच.

बाहेरच्या डिस्कचं थोडं. आतेबहीण न्यू जर्सीहून आली तेव्हा सत्यजित रायांची अपूत्रयी क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या ब्लू-रेवर मागवली. पोस्टाने मागवण्यापेक्षा बॅगेतून येणं कधीही स्वस्त. या अपूत्रयीची गोष्ट माहीत असेलच, मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत भाजल्या, वीस वर्षं तशाच पडून, मग इटलीत बोलोन्याच्या लॅबवाल्यांनी त्या ओलावा देऊन मऊ केल्या, हाताने छिद्रं सांधली आणि पथेर पांचालीचा सुमारे ४० टक्के आणि अपराजितोचा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून परत मिळवला. बघताना फिल्मचे ग्रेन दिसतात, बारीक रव्यासारखे हलत असतात, ते दिसायलाच हवेत, ज्याला चेहरे गुळगुळीत हवेत त्याने मोबाईलचा ब्यूटी मोड बघावा. डिस्क कुठल्या देशांत चालणार हे ठरवणाऱ्या रीजन कोडचं लक्षात ठेवा, अमेरिकन ब्लू-रे ए, इंग्लंडची बी आणि आपला भारत सी, त्यामुळे इथला साधा प्लेअर ती डिस्क बाहेर फेकेल. फोर के यूएचडी डिस्कला मात्र रीजन कोडच नसतो, ज्यांच्याकडे यूएचडी प्लेअर आहे ते बिनधास्त घेऊ शकतात. उदय शंकरांची कल्पना सुद्धा अशीच स्कॉर्सेसीच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या चौथ्या सेटमध्ये आहे. नाच जबरदस्त, गोष्ट विस्कळीत, पण १९४८ मध्ये इतकं वेडं स्वप्न कोणीतरी पडद्यावर आणलं यासाठी बघा.

मंथनची नवी प्रत २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली, पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून झालेला पिक्चर आता त्याच्या लायक दिसतोय. शोलेची पण २०२५ ला बोलोन्यात मूळ शेवटासकट दाखवली. आनंदच आहे. पण माझ्या शेल्फवर नीट रिस्टोअर केलेल्या ब्लू-रेची रांग आहे तिच्यात बंगाली आहे, हिंदी आहे, मराठी एक नाही. सामना, जैत रे जैत, सिंहासन, कुंकू, यातलं एक जरी चांगल्या ब्लू-रेवर, योग्य चौकटीत, धड सबटायटलसकट काढलं तर मी दोन प्रती घेईन, एक बघायला आणि एक कोणी मागितली तर द्यायला, कारण दिलेली डिस्क परत येत नाही हे तुम्हालाही माहितीये.

बाकी किरकोळ, बनवाबनवीची माझी डीव्हीडी अजूनही ठणठणीत आहे, घरात आजारी माणूस असला की तीच लागते, तिच्याबद्दल नवीन काही बोलण्यासारखं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत डब्यांमध्ये सिलिकाच्या पुड्या बदलायच्यात, मागच्या पावसात व्हीएचएसच्या दोन कॅसेटना बुरशी आली होती, पांढरी, रिळाच्या कडेने, तशी कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही, हेड पण जातो आणि पुढच्या कॅसेटला पण लागते. पुढचा नंबर दुनिया न मानेचा, कुंकूचीच हिंदी आवृत्ती, तेव्हाच तयार केलेली. दोन्ही शेजारी शेजारी लावून एकाच प्रसंगात शांता आपटे कुठे कुठे वेगळी वागते ते बघायचंय. डिस्क मिळालीये, छापील बाजू स्वच्छ आहे, दुसऱ्या पार्टला एकच ठिपका दिसतोय, जुना रायटर उचलतोय का बघू.