शिंच्या

काल दुपारी झोपेतून उठून पाणी प्यायला निघालो आणि पलंगाच्या पायावर करंगळी आदळली. तोंडातून निघालं, "शिंच्या!"

घरात कोणी नव्हतं. करंगळी धरून बसल्यावर लक्षात आलं, की सकाळपासून मी मराठीत बोललेला हा पहिलाच शब्द. बँकेत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, पोह्यांच्या ठेल्यावर तर "भिया, सेव जरा जादा डालना" अशी अस्सल इंदुरी. आणि पलंगाला मराठी!

शब्द आजोबांचा. रामबागेतल्या घरात त्यांचं दिवसभर चाललेलं असे. चष्मा कुठे गेला शिंचा, आकाशवाणीला खरखर कसली येतेय शिंची, पाऊस शिंचा पडेना. सोवळ्यात संध्या करणारा माणूस, चातुर्मासात कांद्याला शिवायचा नाही. मी शाळेतून 'साला' शिकून आलो, त्या दिवशी मात्र मुस्काटात बसली. असले शब्द या घरात चालणार नाहीत!

आता साला म्हणजे काय, तर बायकोचा भाऊ. त्याची शिवी होते ती त्याच्या बहिणीला मध्ये ओढल्यामुळे, पण मूळ शब्द धुतल्या तांदळासारखा. माझा स्वतःचा साला पुण्याहून येतो, तेव्हा शेजाऱ्यांना मी बिनदिक्कत सांगतो, "ये मेरे साले हैं." आणि शिंचा? पुढे कधीतरी कळलं, की तो 'शिंदळीचा' आखूड होऊन झालेला आहे. शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. म्हणजे आजोबा रोज सकाळी जानवं कानाला लावायच्या आधी चष्म्याच्या आईचा उद्धार करत होते. त्यांना ठाऊक होतं की नाही, विचारायचं राहिलं. माझा पलंग सागवानी आहे. त्याची आई कुठल्यातरी बैतूलच्या जंगलात उभी असेल, तिच्या चारित्र्याबद्दल मला काय माहिती?

आजीचा कारभार वेगळा. मेल्या, मुडद्या, मसणात गेला तुझा तो पतंग. तिच्या शिव्यांत सगळे मरायचे, पण कोणाची आई मध्ये यायची नाही.

शब्द कधी चढतात, कधी घसरतात. 'देवानांप्रिय' ही अशोकाची केवढी मोठी पदवी, पण संस्कृत व्याकरणवाल्यांनी तिचा अर्थ लावला मूर्ख. परळला शिलाहार राजा अपरादित्याचा 1187 सालचा शिलालेख सापडला आहे. दानाचा मजकूर संस्कृतात, भारदस्त. शेवटी, हे दान जो मोडेल त्याच्यासाठी जे लिहिलंय, ते मराठीत. त्यात त्या माणसाची आई आहे आणि एक गाढव आहे. पुढचं मी लिहीत नाही, आजोबांचा हात अजून आठवतो.

आजोबा गेले तेव्हा दहाव्याला आम्ही उज्जैनला क्षिप्रेवर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. वडिलांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. शिवेना. घराची वाटणी भांडण न करता करू. शिवेना. आत्यानं लग्नाचं काही कबूल केलं, तेही त्याला पटलं नाही. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. चार कावळे समोरच्या भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होते. शेवटी काका पुढे झाला आणि अगदी आजोबांच्या आवाजात ओरडला, "अरे शिव की शिंच्या!"

गुरुजींनी ऐकू न आल्यासारखं केलं. कावळा आला.